निमंत्रित वक्ता आणि बदलता श्रोता : पुण्यापासून थेरगावापर्यंत

महाराष्ट्रात सार्वजनिक व्याख्यान हा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजला आणि त्यापाठोपाठ व्याख्यानमाला, म्हणजे दर वर्षी ठरावीक दिवसांत पाहुणे वक्ते बोलावून चालवलेले भाषणांचे सत्र, ही संस्था उभी राहिली. तिचा इतिहास सहसा वक्त्यांच्या नामावळीतून सांगितला जातो. कोणत्या साली कोण बोलले आणि त्यांनी कोणते विचार मांडले, याची नोंद घेतली की विषय संपला असे मानले जाते. तथापि, या संस्थेने समाजात जो पालट घडवला त्याचा मोठा भाग भाषणांच्या मजकुरापेक्षा भाषणांभोवती उठलेल्या वादांतून आला. निमंत्रण कोणाला द्यावे, मांडव कोणाचा वापरावा, श्रोत्यांत कोणी बसावे, बोलणाऱ्याने कोणती मर्यादा पाळावी आणि ऐकणाऱ्याने उलट प्रश्न विचारावा की नाही, हे प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने उभे राहिले आणि त्यांची उत्तरे देताना समाजाला आपल्या रचनेकडे पाहणे भाग पडले. हा प्रवास पुण्यातील पेठांत सुरू झाला आणि शंभर वर्षांनी पवना नदीच्या काठावरील औद्योगिक वसाहतींत पोहोचला, तेव्हा वक्ता, श्रोता आणि यजमान यांचे परस्परनाते बरेच बदललेले होते.

थेरगाव हे या बदलाचे उदाहरण म्हणून पाहण्यासारखे गाव आहे. पवनेच्या एका तीरावर मोरया गोसावींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले चिंचवड, तर पलीकडच्या तीरावर थेरगाव, आणि त्याच्या आसपास काळेवाडी, रहाटणी, वाकड व ताथवडे अशी ही मूळची शेतीवर जगणारी गावे होती. पुण्याच्या सार्वजनिक सभांतील वादविवाद या गावांपर्यंत पोहोचत, ते बाजाराला गेलेल्या माणसांच्या तोंडून किंवा शिळ्या वर्तमानपत्रांतून. त्या सभांत श्रोता म्हणून बसण्याचा प्रसंग शेतकऱ्याला फारसा येत नसे. आज हीच गावे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांनी भरलेली आहेत. ऐकणाऱ्याच्या जागेवर कोण बसतो, या प्रश्नाचे उत्तर या भागात किती पालटले, हे समजण्यासाठी आधी पुण्यातील आरंभाकडे वळले पाहिजे.

व्याख्यानाच्या आधी मराठी समाजाला सामुदायिक श्रवणाची सवय होती ती कीर्तनाची. थेरगावाच्या परिसरात तर ही सवय विशेष घट्ट होती, कारण ज्ञानदेवांची आळंदी व तुकारामांचे देहू ही दोन्ही तीर्थे जवळच आहेत आणि चिंचवडला गाणपत्य परंपरेचे देवस्थान आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात; पूर्वरंगात एखाद्या अभंगाच्या वा पदाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्या तत्त्वाला पुष्टी देणारे आख्यान रंगवले जाते. वारकरी कीर्तनात अभंगाचे विवरण आणि टाळकऱ्यांची साथ यांना महत्त्व असते. या दोन्ही प्रकारांत कीर्तनकाराच्या गळ्यात हार घालून त्याच्या पाया पडण्याची रीत असल्याने त्याचा अधिकार मान्य झालेला असतो. श्रोता त्याला मध्येच अडवून आक्षेप घेत नाही. व्याख्यानाने या रचनेत मोठा फरक केला. येथे वक्त्याच्या शेजारी अध्यक्ष बसू लागला, त्याला वक्त्याच्या मतांवर भाष्य करण्याचा आणि प्रसंगी ती खोडून काढण्याचा हक्क मिळाला, श्रोत्यांना शंका विचारण्याची मुभा मिळाली आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या सभेची उलटसुलट चिकित्सा छापून येऊ लागली.

या नव्या प्रकाराची पायाभरणी मुंबईत झाली. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या प्रेरणेने एक साहित्य व विज्ञान मंडळ स्थापन केले आणि त्याचीच मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा काम करू लागली. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान तिच्याशी निगडित होते. सभेत निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची आणि निवडक निबंध ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकातून छापायचे, अशी तिची पद्धत होती. याच मंडळाच्या तरुणांनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, यावरून सभेत वाचलेला निबंध आणि सभेबाहेरची कृती यांचे नाते आरंभापासूनच जवळचे होते, असे दिसते. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली तेही वर्ष १८४८ हेच; फरक एवढाच, की मुंबईतील तरुणांच्या पाठीशी महाविद्यालय आणि धनिक व्यापारी उभे होते, तर पुण्यात फुले दांपत्याला त्या कार्यासाठी घर सोडावे लागले.

पुण्यात व्याख्यानाला नियमित संस्थेचे रूप दिले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८७२-७३ च्या सुमारास त्यांनी देशी व्यापारावर दिलेली व्याख्याने गाजली होती आणि १८७५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. न्यायालये व शाळा उन्हाळ्याच्या सुटीत बंद असताना वकील, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याजवळ मोकळा वेळ असतो, हे ध्यानात घेऊन वसंत ऋतूची निवड झाली. मालेचे वेळापत्रक तिच्या श्रोतृवर्गाचाही अंदाज देते, कारण ज्यांच्या कामाला उन्हाळी सुटी नव्हती ते माळी, सुतार, तांबट आणि शेतमजूर या ज्ञानसत्राच्या कल्पनेत आरंभी फारसे धरलेले नव्हते. वक्तृत्वोत्तेजक सभेने ही माला पुढे चालवली आणि ती आजही चालू आहे. शंभराहून अधिक वर्षे एका शहराने उन्हाळ्यातील संध्याकाळी इतिहास, अर्थकारण, विज्ञान, परराष्ट्रव्यवहार आणि समाजसुधारणा यांवरील भाषणे ऐकण्यात घालवाव्यात, ही गोष्ट सामान्य नाही.

याच १८७५ च्या वर्षी पाहुण्या वक्त्यामुळे उद्भवणाऱ्या संघर्षाचेही पहिले ठळक उदाहरण घडले. रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या निमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांनी दिलेल्या व्याख्यानांपैकी पंधरांचा वृत्तान्त पुढे छापला गेला. वेदांना प्रमाण मानणारा हा संन्यासी मूर्तिपूजा आणि जन्माधिष्ठित जातिभेद यांवर टीका करत होता, त्यामुळे सनातनी पक्षाला त्याला परका म्हणून झटकून टाकणे अवघड झाले. दयानंदांच्या सन्मानार्थ मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढवाची प्रतिमिरवणूक काढली, चिखल व दगडफेक झाली आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. फुले आणि दयानंद यांच्यात वेदप्रामाण्याबाबत मूलभूत मतभेद असतानाही फुले आपल्या अनुयायांसह या मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी, १८७३ मध्ये, सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या फुल्यांनी असे करावे, यातून वक्त्याच्या मताशी सहमत असणे आणि त्याचा बोलण्याचा हक्क राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा पुण्याच्या सार्वजनिक जीवनाला मिळाला.

पुढच्या दोन दशकांत वादाचे विषय अधिक घरगुती झाले, पण त्यांची धार कमी झाली नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील कार्यक्रमाला गेलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे उघड होतील अशी व्यवस्था केली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक आदींवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्कृत करण्याची कारवाई, ओढवली. शंकराचार्यांपर्यंत गेलेले हे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत ताणले गेले. व्याख्यान कोठेही ऐकता येते, परंतु ज्या घरी ऐकले तेथे पाणी पिता येत नाही, ही विसंगती त्यामुळे चव्हाट्यावर आली. १८९५ मध्ये पुण्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा तिच्याच मांडवात सामाजिक परिषद भरवावी की नाही, यावर शहर दुभंगले. शेवटी रानड्यांनी माघार घेऊन परिषद स्वतंत्र मांडवात भरवली. राजकीय स्वातंत्र्य आणि समाजसुधारणा या दोन विषयांना एकच व्यासपीठ मिळू शकत नाही, असा त्याचा तात्पुरता अर्थ झाला आणि पुढील काळात या दोन प्रवाहांतील दुरावा वाढत गेला.

व्याख्यानामुळे थेट न्यायालयात उभे राहण्याचा प्रसंग आला तो १८९७ मध्ये, आणि त्या घटनाक्रमात पवनाकाठचे चिंचवडही गुंतले. प्लेगच्या साथीत प्लेग-अधिकारी रँड यांच्या पथकांनी केलेल्या घरझडत्यांमुळे पुण्यात असंतोष धुमसत असताना जून महिन्यात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यात प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिले आणि टिळकांनीही भाषण केले. उत्सवाचा वृत्तान्त टिळकांच्या ‘केसरी’त छापून आल्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ जूनच्या रात्री, रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे आणि त्यांचे वडील हरिपंत हे कीर्तनकार होते. भाषण आणि हत्या यांचा प्रत्यक्ष संबंध सरकारला जोडता आला नाही, तरी छापलेल्या मजकुराच्या आधारे टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. दामोदर चापेकर यांना १८९८ मध्ये आणि त्यांच्या दोन्ही भावांना १८९९ मध्ये फाशी झाली. इतिहासावरील व्याख्यानही राज्यकर्त्यांना भविष्याविषयीचे विधान वाटू शकते, हे या खटल्याने दाखवले आणि त्यानंतर वक्त्याच्या प्रत्येक शब्दाला कायद्याची चौकट पडली.

दरम्यान परदेशी शिक्षणाचा प्रश्नही व्याख्यानाच्या व्यासपीठावर आला होता. आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्याचे ठरवले, तेव्हा उठलेल्या आक्षेपांना त्यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात जाहीर भाषण करून उत्तर दिले. समुद्रपर्यटन, एकटीने जाणे, बहिष्काराची भीती आणि धर्म टिकण्याची शक्यता, असे एकेक मुद्दे घेऊन केलेले ते प्रतिपादन होते आणि अठराव्या वर्षाच्या आतबाहेरची मराठी स्त्री परप्रांतातल्या श्रोत्यांसमोर इंग्रजीत आपली बाजू मांडत होती. पंडिता रमाबाई यांनी त्याआधी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापून स्त्रियांना सभेची सवय लावली होती. १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि अमेरिकेतील लोकजीवनावर मराठीत ग्रंथ लिहिला. युरोप-अमेरिकेतील वक्ता येथे येऊन शिकवतो आणि येथील लोक ऐकतात, असा जो एकेरी व्यवहार गृहीत धरला जात होता, तो उलट दिशेनेही चालू शकतो, हे या दोन स्त्रियांनी सिद्ध केले.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कार्यात या दुहेरी व्यवहाराचे सर्वांत परिपक्व रूप आढळते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी त्या व्यासपीठावरून भारतीय स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती प्रत्यक्षात आणली. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य होते. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ मध्ये, कर्वे परदेश दौऱ्यावर निघाले. जिनिव्हा येथील शिक्षण परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या भारतीय प्रयोगावर भाषण केले, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात ते सहभागी झाले आणि त्यानंतर अमेरिका व जपानमध्ये व्याख्याने देत फिरले. पुढच्या दौऱ्यात ते पूर्व व दक्षिण आफ्रिकेत गेले. या सर्व प्रवासाचा एक हेतू देणग्या मिळवण्याचा होता हे खरे. परंतु ज्या जपानच्या उदाहरणावरून विद्यापीठ उभारले त्याच जपानमध्ये जाऊन आपल्या प्रयोगाचा हिशेब देणे, यात समतेच्या पातळीवरील ज्ञानव्यवहाराची जाण होती.

परदेशातील व्याख्यानाची किंमत मोजावी लागल्याचे उदाहरण म्हणजे पांडुरंग महादेव बापट. डेक्कन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले, तेथे त्यांनी भारतातील ब्रिटिश राजवटीवर टीका करणारे भाषण केले आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. पुढे पॅरिसमध्ये क्रांतिकारकांच्या सहवासात राहून ते मायदेशी परतले आणि १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात त्यांनी पुढाकार घेतला, त्यातूनच त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातील शेतजमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि त्याविरुद्ध मावळे शेतकऱ्यांनी धरणे धरली होती. हा लढा हरला तरी मोठ्या प्रकल्पासाठी जमीन गमावणाऱ्यांचा प्रश्न त्याने देशापुढे आणला. मुळशी खोरे थेरगावापासून फार दूर नाही, आणि उद्योगासाठी शेतजमीन देण्याचा जो अनुभव पवनाकाठच्या गावांना चाळीस वर्षांनी येणार होता, त्याची ही पूर्वसूचना होती.

निमंत्रण देणे आणि ते मागे घेणे यांतून समाजाची मर्यादा कशी उघड होते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तीन व्याख्यानांच्या इतिहासावरून ध्यानात येते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ मध्ये त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण लेखी भाषण वाचल्यावर त्यातील काही मते गाळण्याचा आग्रह धरला. आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिल्याने परिषद रद्द झाली आणि न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. याउलट पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ रोजी त्यांनी संघराज्याच्या योजनेची सडेतोड चिकित्सा केली आणि १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून गोखले स्मारक सभागृहात भाषण केले. रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना करणाऱ्या त्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर टीका केली आणि राजकीय सुधारणेपूर्वी सामाजिक सुधारणेला महत्त्व देणाऱ्या रानड्यांचे ऐतिहासिक मोल मांडले. ज्या शहरात १८९५ मध्ये सामाजिक परिषदेला मांडव नाकारला गेला, तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेला, कोलंबिया व लंडन येथे शिकलेला विद्वान रानड्यांच्या जयंतीचा प्रमुख वक्ता झाला. वक्त्याच्या जागेवरील जातीची मक्तेदारी मोडल्याची ही नोंद आहे.

श्रोत्याच्या जागेवरील मक्तेदारी मोडण्याची वाट मात्र वेगळी होती आणि ती कामगार चळवळीतून गेली. सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि त्यांच्या संघटनेच्या प्रयत्नांनी जून १८९० मध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आठवड्यातील एक दिवस मोकळा झाल्याशिवाय कामगार श्रोता होऊच शकत नव्हता, त्यामुळे साप्ताहिक सुटी ही कामगारांच्या लोकशिक्षणाची पूर्वअट ठरली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला आणि त्यातून कामगार वस्त्यांत वाचनालये, शिवणवर्ग, नाट्यस्पर्धा व व्याख्याने यांसाठी कल्याण केंद्रे उघडली गेली. १९५८ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास, १९४९ मध्ये सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाने बहिःशाल शिक्षण, म्हणजे विद्यापीठाच्या आवाराबाहेर जाऊन प्रौढांना देण्याचे शिक्षण, हे आपले कर्तव्य मानले. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाने चालणारी बहिःशाल व्याख्यानमाला पुढे लहान गावांतील महाविद्यालयांपर्यंत गेली आणि प्राध्यापकाने एसटीने जाऊन ग्रामस्थांसमोर बोलण्याची प्रथा तिने रूढ केली.

नेमक्या याच काळात पवना खोऱ्याचे रूप पालटत होते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीला वसली. १९५४ मध्ये युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना तेथे उभा राहिला आणि पेनिसिलीनचे उत्पादन करणारे तंत्रज्ञ पिंपरीच्या वसाहतीत राहू लागले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, लोकांच्या बोलण्यातील एमआयडीसीने, पिंपरी, चिंचवड व भोसरी भागातील जमिनी उद्योगांसाठी संपादित केल्या. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान वर्कशॉप आली, थेरगावातही पदमजी कागद कारखाना उभा राहिला. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अशा क्रमाने नागरी प्रशासन आकाराला आले. मराठवाड्यातून पुण्यात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शंकरराव चव्हाण यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या मराठवाडा मित्र मंडळानेही पुढे थेरगाव-काळेवाडी परिसरात तंत्रशिक्षण व औषधनिर्माणशास्त्राच्या संस्था उघडल्या. पूर्वी ज्या गावांतून पुण्यात शिकायला जावे लागे, तेथे आता बाहेरचे विद्यार्थी शिकायला येऊ लागले.

या नव्या वस्तीत व्याख्यानमाला आली, पण ती पुण्याच्या वेळापत्रकाने चालू शकत नव्हती. कारखान्यांत पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशा तीन पाळ्या चालतात, त्यामुळे वस्तीतील एक हिस्सा कोणत्याही संध्याकाळी कामावर असतो. शिवाय वीजपुरवठ्याच्या सोयीने या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारऐवजी गुरुवारी पडते. ज्या आयोजकांना कामगार श्रोता हवा होता, त्यांना पहिली पाळी सुटण्याची वेळ आणि गुरुवार यांचा हिशेब ठेवावा लागला. यजमानही बदलले. पुण्यात वकील-प्राध्यापकांच्या सभा यजमान असत, तर येथे तालीम मंडळे, गणेश मंडळे, कामगार संघटना, गृहनिर्माण संस्थांतील ज्येष्ठ नागरिक संघ आणि ग्रामदैवताच्या उत्सव समित्या व्याख्याने भरवू लागल्या. चिंचवडगावातील जिजाऊ व्याख्यानमाला ही या परंपरेतील परिचित माला होय. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्या जयंत्या ११ व १४ एप्रिलला लागोपाठ येत असल्याने त्या दिवसांत महानगरपालिका विचार प्रबोधन पर्व भरवते. त्यात व्याख्यानांबरोबर शाहिरी, भीमगीते आणि परिसंवाद असतात. उन्हाळी सुटीवर बेतलेली वसंत माला आणि जयंतीवर बेतलेले प्रबोधन पर्व यांची तुलना केली, तर श्रोत्यांच्या बदललेल्या सामाजिक घडणीचा अंदाज येतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर होणारी द्वारसभा ही या पट्ट्याची स्वतःची वक्तृत्वशाळा म्हणावी लागेल. पाळी बदलताना अर्ध्या तासात वेतनकराराचा मसुदा, व्यवस्थापनाची भूमिका आणि पुढची कृती समजावून सांगायची आणि हात वर करून संमती घ्यायची, असे तिचे स्वरूप असते. श्रोता येथे निर्णयात भागीदार असल्याने वक्त्याला शब्द जपून वापरावे लागतात. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्को कामगारांचा लढा शनिवारवाड्यासमोरील उपोषणापर्यंत पोहोचला आणि पोलिसांनी मोठी कारवाई करून उपोषणकर्त्यांना हलवले, त्या लढ्याची बांधणी अशा सभांतूनच झाली होती. पुढे कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढत गेले, तसा द्वारसभेचा पाया खचला, कारण काही महिन्यांच्या करारावर असलेला तरुण फाटकाबाहेर थांबून नाव कळू देण्यास धजत नाही.

संघर्षाची इतर रूपेही या परिसराने पाहिली. ऑगस्ट २०११ मध्ये पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी द्रुतगती महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मरण पावले. जुलै २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली. जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत भरलेल्या ८९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांच्या पंतप्रधानांविषयीच्या वक्तव्यावरून संमेलनापूर्वीच वादळ उठले होते. अध्यक्षाने काय बोलावे, हा १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेपूर्वी उठलेला प्रश्न ऐंशी वर्षांनी औद्योगिक नगरीत पुन्हा उपस्थित झाला. पाणी, जमीन, आरक्षण आणि रोजगार हे येथील खरे संघर्षविषय आहेत. पण व्याख्यानमालांच्या पत्रिकांत मात्र व्यक्तिमत्त्व विकास, ताणमुक्ती, शिवचरित्र आणि विनोदी कथाकथन यांना अधिक जागा मिळते. वाद टाळणारा वक्ता शोधण्याची ही प्रवृत्ती यजमानांच्या राजकीय आश्रयाशी निगडित आहे, कारण मांडवाचा खर्च उचलणारा पुढारी श्रोत्यांना मतदार म्हणूनही पाहतो.

महाविद्यालयांतील पाहुण्या व्याख्यानांची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. चाकण पट्ट्यात जर्मन, जपानी व कोरियन कंपन्या आल्यापासून अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन संस्थांत उद्योगातील तज्ज्ञांना बोलावण्याची पद्धत रूढ झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये औपचारिक पदवीची अट न घालता अनुभवी व्यावसायिकांना अध्यापनासाठी नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यावर तिला अधिकृत आधारही मिळाला. जागतिक शिक्षण या शब्दाचा अर्थ येथे बहुधा परदेशी विद्यापीठातील प्रवेश, भाषापरीक्षा आणि नोकरीची संधी एवढाच घेतला जातो. हे ज्ञान विद्यार्थ्यांना हवे असते आणि उपयोगीही पडते; परंतु संस्थेच्या मूल्यांकनासाठी नोंदवही भरणे आणि विद्यार्थ्यांची हजेरी लावणे एवढ्यापुरते व्याख्यान उरले, तर आनंदीबाईंनी श्रीरामपूरला आणि कर्व्यांनी जिनिव्हाला जे केले, म्हणजे आपल्या समाजाचा प्रश्न जगापुढे आणि जगाचा अनुभव आपल्या समाजापुढे ठेवला, ते त्यातून घडत नाही.

पुण्यातील सभागृहांपासून थेरगावच्या मांडवांपर्यंतच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा, की व्याख्यानमालेचे विस्तारणे आणि तिचे परिणामकारक असणे या दोन गोष्टी समान गतीने चाललेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकातील माला श्रोत्यांच्या बाबतीत संकुचित होती, पण निमंत्रणाची जोखीम पत्करणारी होती. दयानंदांना बोलावणाऱ्यांना दगड सोसावे लागले, चहा पिणाऱ्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि तरीही पुढच्या वर्षीचे निमंत्रण निघाले. आजची माला श्रोत्यांच्या बाबतीत कितीतरी व्यापक आहे. तिच्या खुर्च्यांवर कामगार, गृहिणी, निवृत्त फोरमन आणि मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलगी शेजारी शेजारी बसतात, आणि हे यश फुले, लोखंडे व आंबेडकर यांच्या परंपरेचे आहे. परंतु ज्या प्रश्नांवर हे श्रोते आपापल्या वस्तीत एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात, त्या प्रश्नांवरील दोन्ही बाजूंचे वक्ते एकाच मांडवात बोलावण्याचे धाडस जोवर यजमान करत नाहीत, तोवर श्रोत्यांची ही विविधता विचारांच्या देवाणघेवाणीत उतरणार नाही. पवनेचे पाणी, कंत्राटी नोकरी, संपादित जमिनीचा मोबदला आणि परप्रांतीय शेजारी हे विषय निवडणारी व्याख्यानमाला आपल्या आरंभकाळाच्या वारशाला अधिक जवळची ठरेल, आणि तसे निमंत्रण देण्याची क्षमता आता पुण्याच्या पेठांपेक्षा थेरगावसारख्या वस्त्यांत अधिक आहे, कारण त्या प्रश्नांचे जाणकार वक्ते आणि बाधित श्रोते दोघेही तेथेच राहतात.